वाचकांचे प्रश्न : घरच्या गॅरेजचा विमा

आपल्या गाडीचं काम आपणच करायचं, या हौसेपायी घराच्या आवारात शेड उभारलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. घराच्या विम्याचा मूळ मसुदा, म्हणजे 'भारत गृह रक्षा', विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना एकच ठरवून दिला. त्यामुळे पॉलिसी कुठल्याही कंपनीची असली तरी खालची बहुतेक उत्तरं लागू पडतील. जोडीला घेतलेल्या जादा संरक्षणाच्या अटी मात्र ज्याने त्याने आपल्या कागदांत वाचाव्यात.

प्रश्न : बंगल्यामागे १५ बाय २० फुटांची पत्र्याची शेड आहे. आत कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन, चेनकुप्पी (जड भाग उचलायची साखळीची कप्पी) आणि गोटी पान्यांचे तीन सेट आहेत. काम फक्त घरच्या दोन गाड्यांचं. गृहकर्ज घेताना बँकेने घराचा विमा काढून दिला होता. शेड त्यात आली, असं धरायचं का? – कोल्हापूर

उत्तर : धरून चालू नका, आधी पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे रकमा आणि तपशील लिहिलेलं पान, काढून बघा. कर्जाबरोबर आलेल्या बऱ्याच पॉलिसींमध्ये फक्त इमारतीची रक्कम असते, आणि तीही कर्जाच्या आकड्याएवढीच लिहिलेली असते.

भारत गृह रक्षेत 'घराची इमारत' या व्याख्येतच गॅरेज, पार्किंगची जागा, कुंपणाची भिंत, फाटक हे सगळं येतं. म्हणजे शेडचा सांगाडा संरक्षणात येऊ शकतो. पण तिचं क्षेत्रफळ विमा रकमेत धरलेलं हवं. रक्कम काढायची रीत साधी आहे : चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये गुणिले पॉलिसी सुरू होतानाचा बांधकामाचा दर. जागेची किंमत यात येत नाही. समजा घर १२० चौरस मीटर आणि दर २२,००० रुपये, तर २६ लाख ४० हजार. तुमची शेड साधारण २८ चौरस मीटरची. तिचा दर घराइतका नसतो, म्हणून ती वेगळ्या ओळीत, वेगळ्या दराने लिहून घ्या.

भिंती किंवा छप्पर फळ्या, बांबू, गवत, ताडपत्री, प्लास्टिक कापड यांचं असेल तर ते 'कच्चं बांधकाम' ठरतं. लोखंडी सांगाड्यावरचा पत्रा त्यात बसत नाही. पण पावसाळ्यात शेडपुढे ताडपत्री ओढून तिच्याखाली सामान ठेवायची सवय असेल, तर ते सामान वादात सापडतं.

खरी मेख सामानात आहे. इमारतीचा विमा असला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल मर्यादा १० लाख. वरच्या उदाहरणात ते ५ लाख २८ हजार होतं. पण पॉलिसीची भाषा 'घरगुती वापराचं सामान' अशी आहे. फर्निचर, टीव्ही, कपडे, स्वयंपाकघरातली उपकरणं त्यात सहज बसतात. वेल्डिंग मशीन आणि चेनकुप्पी घरगुती वापराची का, हा प्रश्न सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा, विचारणार, आणि त्याने विचारण्याआधी उत्तर कागदावर असलं पाहिजे. पाच हजारांवरची प्रत्येक वस्तू मेक, मॉडेल, सीरियल नंबर आणि आजच्या किमतीसह यादीत लिहा. पाने, हातोड्या, पक्कडी एकेक लिहायची गरज नाही. 'हातची हत्यारं, एकूण इतक्या रुपयांची' एवढं पुरे. मात्र प्रत्येक खण उघडून त्याचे फोटो काढून ठेवा.

मग कंपनीला पत्र किंवा ईमेल करा. मजकूर असा चालेल : 'घराच्या मागे २८ चौरस मीटरची, लोखंडी सांगाडा व पत्र्याची स्वतंत्र शेड आहे. तेथे मी स्वतःच्या दोन खासगी गाड्यांची देखभाल छंद म्हणून करतो. कोणाकडून मोबदला घेत नाही. शेडमध्ये २ एचपी कॉम्प्रेसर व २०० अँपिअर वेल्डिंग मशीन आहे. पेट्रोलचा साठा ५ लिटरपेक्षा जास्त नसतो. सोबतच्या यादीतील सामान पॉलिसीत समाविष्ट करून तसे एंडोर्समेंट द्यावे.' एजंट तोंडी 'होऊन जाईल, काळजी नको' म्हणाला तर त्याचे आभार माना आणि एंडोर्समेंटचा, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाच्या लेखी नोंदीचा, कागद मागा. आग लागल्यावर दावा अडतो तो बहुधा आगीच्या कारणावरून नाही. शेडमध्ये वेल्डिंग चालतं हे कंपनीला सांगितलंच नव्हतं, यावरून अडतो.

आणखी दोन गोष्टी या पॉलिसीतून मुळातच वगळलेल्या आहेत. एक म्हणजे वाहन : शेडबरोबर गाडी जळाली तर तिचे पैसे गाडीच्या स्वतःच्या विम्यातून मिळतील, घराच्या नाही. दुसरी, विजेच्या दोषाने त्याच यंत्राचं झालेलं नुकसान. कॉम्प्रेसरची मोटर शॉर्ट होऊन जळाली तर मोटरचे पैसे नाहीत. पण त्या मोटरमुळे शेडला आग लागली, तर बाकी शेडचे आहेत.

प्रश्न : शेडमधून इम्पॅक्ट रेंच, स्कॅनर आणि टॉर्क रेंच चोरीला गेले. कुलूप जागेवर होतं. दावा होईल का? – नागपूर

उत्तर : नुसती भारत गृह रक्षा असेल तर नाही. तिच्यात चोरी येते ती फक्त आग, पूर यांसारख्या घटनेमुळे झालेली आणि त्या घटनेपासून सात दिवसांच्या आतली. बाकी चोरीसाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

ते घेतलेलं असलं तरी तुमच्या बाबतीत अडचण दिसते. घरफोडीच्या पॉलिसीत जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते : तुटलेला कोयंडा, वाकवलेलं शटर, उचकटलेला पत्रा. पॉलिसीत तशी अट असेल तर ती जशी लिहिली आहे तशीच वाचायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलं आहे. कुलूप शाबूत असेल तर पोलिसांच्या पंचनाम्यात चोर कुठून शिरला याची नोंद आहे का ते बघा. पत्र्याच्या शेडमध्ये पुष्कळदा कुलपाला हात न लावता बाहेरच्या बाजूने जे-हुकचे (पत्रा सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या आकड्यांचे) नट सोडवून पत्रा सरकवलेला असतो. तशा खुणा असतील तर त्यांचा फोटो आणि पंचनाम्यात उल्लेख, दोन्ही हवेत. यापुढे बाहेरून पाना लागेल असे नट आतल्या अंगाला घ्या किंवा त्यांवर वेल्डिंगचा एक टाका द्या.

घरफोडीच्या पॉलिसीत रक्कम कमी लिहिली की फटका बसतो. चार लाखांच्या हत्यारांचा विमा दोन लाखांचा काढला आणि एक लाखाचा माल गेला, तर पन्नास हजारच मिळतात. भारत गृह रक्षेत ही कपात नाही, पण घरफोडीच्या कागदात बहुधा असते.

प्रश्न : १९७४ ची प्रीमियर पद्मिनी पूर्ण उघडली आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स बाकावर, सीट घरात, बॉडी शेडमध्ये. काम अजून वर्षभर चालेल. या काळात गाडीचा विमा चालू ठेवावा का? – सातारा

उत्तर : ठेवावा, पण तो नेमकं काय झाकतो हे समजून. गाडीच्या पॅकेज पॉलिसीत आग, स्फोट, चोरी, पूर, भूकंप हे धोके गाडी घरात उभी असतानाही चालू असतात. मात्र शब्द आहेत 'वाहन आणि त्यावर बसवलेल्या ॲक्सेसरीज'. बाकावरचं इंजिन त्या क्षणी वाहनावर नाही. म्हणून सुटे केलेले मोठे भाग घराच्या विम्याच्या यादीत, 'दुरुस्तीसाठी काढलेले भाग' असं लिहून घालायची विनंती करा. कंपनीने नाही म्हटलं तर ते नाहीसुद्धा लेखी घ्या. मग इंजिन कुठे ठेवायचं, याचा निर्णय तरी डोळसपणे होईल.

किमतीचा मुद्दा त्याहून मोठा. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची विमा किंमत ठरलेल्या घसाऱ्याने निघते. त्याहून जुन्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. एजंटच्या संगणकात पडलेला वीस-तीस हजारांचा आकडा मुकाट मान्य केलात, तर दोन लाख खर्चून उभी केलेली गाडी त्या आकड्यालाच जाईल. मूल्यांकन करणाऱ्याचा अहवाल, क्रोमपासून रबरापर्यंतची बिलं आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो जोडून किंमत वाढवून मागा. अर्धवट नुकसानीतही घसारा कापला जातो, हे लक्षात असू द्या : रबर, प्लास्टिक, बॅटरी यांवर ५० टक्के, आणि दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के.

गाडी किमान दोन महिने सलग बंद राहणार असेल तर 'ले-अप'ची सोय जुन्या मोटर टॅरिफमध्ये आहे. त्या काळात आग आणि चोरीचं संरक्षण ठेवून बाकीचं थांबवता येतं. आजही काही शाखांत ती मिळते, मागून बघा. पॉलिसी सरळ संपू देण्यात मात्र तोटा आहे. मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर नो क्लेम बोनस जातो, आणि उघडलेल्या गाडीची तपासणी करून नवी पॉलिसी द्यायला कंपनी तयार होत नाही.

पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झाली असतील तर जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीचाही विचार करता येईल. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, आणि नंतर रोजच्या वापराला ती चालणार नाही. इंजिन बदलून डिझेल बसवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. आणि काम संपल्यावर 'नुसती चौकापर्यंत' चाचणी घ्यायची तरी थर्ड पार्टी विमा चालू हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ चौकाला सूट देत नाही.

प्रश्न : मित्रांच्या गाड्यांचं ऑइल, ब्रेक पॅड मी बदलून देतो. पैसे पार्ट्सचेच घेतो. कधी कोणी हजार-पाचशे हातावर ठेवतो. रविवारी एक मुलगा मदतीला येतो, त्याला दिवसाचे पैसे देतो. यात अडचण आहे का? – नाशिक

उत्तर : आहे, आणि ती तीन ठिकाणी आहे.

हातावर ठेवलेले हजार-पाचशे ही मजुरीच. ती नियमित झाली की शेडचा वापर घरगुती उरत नाही, आणि राहत्या घरासाठी असलेली पॉलिसी तिथे कमकुवत होते. मजुरी घ्यायचीच असेल तर राजरोस घ्या. मग शेडसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेची पॉलिसी आहे, आणि लोकांच्या गाड्या आवारात असताना होणाऱ्या नुकसानीसाठी 'मोटर ट्रेड इंटर्नल रिस्क' असा वेगळा प्रकार. नाहीतर एक पैसाही घेऊ नका.

दुसरं, पैसे न घेताही मित्राची गाडी जॅकवरून घसरली आणि सिल (दरवाजाखालची पट्टी), दरवाजा चेपला, तर तुमच्या घराचा विमा त्याचे पैसे देत नाही. मित्राने आपल्या पॉलिसीवर दावा केला तर त्याची कंपनी ते पैसे तुमच्याकडून वसूल करू शकते. मित्राच्या गाडीखाली जाण्याआधी त्याची पॉलिसी चालू आहे का, एवढं तरी विचारा. गाडी नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. आतलं सील सुटलं की जॅक क्षणात बसतो, कारण पूर्ण वजन एका रबरी रिंगने अडवलेल्या तेलावर असतं. दोन जॅक स्टँड, उलट बाजूच्या चाकांना लाकडी ओट (अडवणारे ठोकळे), आणि काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवलेलं.

तिसरा तो मुलगा. आधी त्याचं वय बघा. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि धोक्याच्या कामांवर १८ वर्षांपर्यंत बंदी आहे. सज्ञान असेल तर त्याच्या नावाने वैयक्तिक अपघात विमा काढा, आणि कामाच्या दिवशीच्या इजेसाठी कर्मचारी भरपाईच्या पॉलिसीची चौकशी करा. स्वतःसाठीही अपघात विमा घ्या. गाडीच्या पॉलिसीबरोबरचं १५ लाखांचं मालक-चालक संरक्षण गाडी चालवताना, तीत चढता-उतरताना होणाऱ्या अपघातांसाठी प्रामुख्याने असतं. गाडीखाली झोपून केलेल्या कामाला ते लागू होईल यावर विसंबू नये. शिवाय ते मृत्यू आणि मोठ्या अपंगत्वापुरतंच आहे, मोडलेल्या बोटाला त्यातून काहीच मिळत नाही.

प्रश्न : विमा कंपनीचा माणूस शेड बघायला येणार आहे. तो काय बघेल? – सांगली

उत्तर : पेट्रोल, वीज आणि वेल्डिंग. ती तपासणी त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे असं समजा.

पेट्रोलियम कायद्याच्या कलम ८ नुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय जास्तीत जास्त ३० लिटर ठेवता येतं, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात : काच किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटर, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लास्टिकचा पाण्याचा कॅन या यादीत नाही. छंदाच्या शेडमध्ये पाच लिटरच्या धातूच्या डब्यापलीकडे गरजच नसते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. जमिनीलगत सरकत ती सर्वांत खालच्या जागी, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात साठते. उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट्रोल पेटण्याजोगी वाफ सोडतं, तेव्हा थंडीच्या सकाळी धोका कमी, असं काही नसतं. फ्युएल पंप किंवा टाकी उघडायची तर शटर उघडं, खड्डा रिकामा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली, आणि हातदिवा एलईडीचा. बल्बचा जाळीवाला दिवा खाली पडून फुटला की तापलेली तारच ठिणगीचं काम करते. जवळजवळ रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत पेट्रोल थोडं आणि वाफ-हवेचं मिश्रण जास्त असतं. गळकी टाकी घरी वेल्ड करू नका. पाण्याने धुतली तरी सांध्यांत वाफ राहते.

वेल्डिंगसाठी साधा १६ अँपिअरचा सॉकेट पुरत नाही. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन पूर्ण जोरात सिंगल फेजवर ३० अँपिअरच्या आसपास ओढतं. सॉकेट आधी पिवळा, मग तपकिरी होतो, आणि शेवटी वितळतो. तो रंग सर्व्हेअर ओळखतो. वेल्डिंगला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की बंद पडणारा स्विच) आणि जाड वायर, बाकीच्या सॉकेटना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की बंद पडणारा स्विच), आणि वीजबिलावरचा मंजूर भार या सगळ्याला पुरेल इतका. कमी असेल तर वाढवून घ्या आणि ते बिल फाइलला लावा.

चिंध्यांबद्दल गैरसमज आहे. इंजिन ऑइलची चिंधी सहसा आपोआप पेटत नाही. अळशीच्या तेलाची, वॉर्निशची, तेलरंगाची पेटू शकते, कारण ती वाळताना उष्णता सोडते आणि गोळा करून टाकली की ती उष्णता आत कोंडते. झाकणाचा पत्र्याचा डबा दोन्हींना चालतो. वॉर्निशची चिंधी आधी तारेवर पसरून वाळवा.

आग विझवण्यासाठी आयएस १५६८३ छाप असलेला ६ किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर दाराजवळ टांगा, बाकाजवळ नाही. आग बाकाजवळच लागते, आणि तिच्यातून हात घालून सिलिंडर काढता येत नाही. काटा हिरव्या पट्ट्यात हवा आणि रिफिलची तारीख वाचता यायला हवी. पेट्रोलवर पाणी मारू नका, पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात शेडमध्ये सहा फूट पाणी होतं. तेव्हा विमा नव्हता, आता काढला आहे. पुन्हा तशी वेळ आली तर दाव्यासाठी काय करायचं? – चिपळूण

उत्तर : पूर भारत गृह रक्षेत आहे. पाणी ओसरल्यावरचा पहिला दिवस महत्त्वाचा.

चिखल काढण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा, शेजारी टेप धरून फोटो काढा. मग कंपनीला कळवून दावा क्रमांक घ्या. खराब झालेली वस्तू सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय फेकू नका, पण नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी आहे. पाने, टॅप-डाय, मायक्रोमीटर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात देऊन ठेवा. हे केलंत म्हणून दावा कमी होत नाही.

कुठलंही यंत्र चालू करून बघू नका. कॉम्प्रेसरची मोटर पुराच्या पाण्याने बिघडली तर ते पुराचं नुकसान. ती ओली असताना तुम्ही बटण दाबलं आणि वाइंडिंग जळालं, तर तो विजेचा दोष, आणि तो वगळलेला आहे. मोटर उघडून वाळवा, बेअरिंग बदला, ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) किमान एक मेगाओहम आला तरच जोडा. तो आकडा रिवाइंडिंगवाल्याकडून बिलावर लिहून घ्या.

गाडीचंही तेच. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन पाणी दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ते नुकसान साध्या पॉलिसीत मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टचं जादा संरक्षण लागतं. काळ्या तेलाचे डबे पावसाळ्याआधी झाकण लावून सर्वांत वरच्या फळीवर ठेवा, किंवा अधिकृत रिसायकलरला देऊन टाका. ते तेल शेजाऱ्याच्या विहिरीत गेलं तर त्याची भरपाई तुमच्या पॉलिसीत नाही.

प्रश्न : सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये कपाट ठेवून गाडीचं काम करतो. विमा मिळेल? – ठाणे

उत्तर : हत्यारांचा मिळेल, ती फ्लॅटमध्ये ठेवलीत तर. स्टिल्टमधलं कपाट ना तुमच्या घरात ना सोसायटीच्या पॉलिसीत. तिथे पेट्रोल, थिनर ठेवू नका आणि कॉमन मीटरवरून कॉम्प्रेसर चालवू नका. वर माणसं राहतात. चाक बदलणं, बॅटरी, वायपर, एअर फिल्टर इतकंच तिथे करा. ऑइल बदलण्यासाठी मित्राची मोकळी जागा शोधा.

प्रश्न : शेडच्या आगीचा दावा कंपनीने नाकारला. पत्रात फक्त 'अटींचा भंग' एवढंच आहे. – सोलापूर

उत्तर : कोणत्या कलमाचा भंग, ते लेखी मागा आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात कार्यालयं मुंबई, पुणे आणि ठाण्यात आहेत. ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो, फी नाही, वकील लागत नाही. पण कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत गेलं पाहिजे. सोबत एंडोर्समेंट, सामानाची यादी, आगीआधीचे फोटो, अग्निशमन दलाचा दाखला आणि पंचनामा जोडा. ग्राहक आयोगात आधीच दावा दाखल केला असेल तर लोकपाल तो घेत नाही, म्हणून कुठे जायचं ते आधी ठरवा.